एमआरचा दिवस आणि महिन्याचे टार्गेट : वेळेच्या प्रश्नाचा आढावा

विक्रीच्या नोकरीत वेळ कसा वापरावा यावर पुस्तके, शिबिरे आणि व्याख्याने भरपूर आहेत. बहुतेकांचा सूर एकच असतो : पहाटे उठा, यादी करा, महत्त्वाचे काम आधी उरका. सल्ला वाईट नाही. पण टार्गेटमागे धावणाऱ्या माणसाच्या दिवसातले किती तास खरोखर त्याच्या हातात असतात, हे त्यात क्वचितच विचारले जाते. व्यवस्थापनशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि कामगार कायदा या चारही अंगांनी या प्रश्नाला हात घातला गेला आहे, मात्र चारही बाजूंचे अभ्यासक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे एका ठिकाणी मांडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्यासाठी मी वैद्यकीय प्रतिनिधींचा, म्हणजे एमआरचा, व्यवसाय निवडला आहे. विक्रीच्या नोकऱ्यांसाठी भारतात जो स्वतंत्र कायदा झाला, तो आधी याच व्यवसायासाठी झाला. शिवाय या नोकरीत दिवसाचा हिशेब रोज लिहून द्यावा लागतो, त्यामुळे वेळेवरचा वाद इथे जितका उघड दिसतो तितका विमा किंवा घरविक्रीत दिसत नाही.

दिवसाची घडण

महिना सुरू होण्याआधी एमआर आपला टूर प्रोग्राम मंजूर करून घेतो. कोणत्या तारखेला कोणत्या गावात, कोणत्या डॉक्टरांकडे, हे त्यात ठरलेले असते. हेडक्वार्टर नाशिक असेल तर सिन्नर, निफाड ही एक्स-स्टेशन, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परतायची गावे. धुळे, नंदुरबारसारख्या ठिकाणी मुक्काम पडला की ते आउटस्टेशन. दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि चार-सहा केमिस्ट, ही अपेक्षा बहुतेक कंपन्यांत थोड्याफार फरकाने आढळते. यादीतल्या डॉक्टरांची वर्गवारी असते. जास्त प्रिस्क्रिप्शन देणाऱ्यांकडे महिन्यातून दोन-तीनदा जायचे, बाकीच्यांकडे एकदा.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात दवाखाने सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास भरतात आणि दोनला बंद होतात. संध्याकाळी सहा-सातला पुन्हा उघडून नऊ-दहापर्यंत चालतात. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या एमआरना याच दोन पट्ट्यांत सगळे डॉक्टर गाठायचे असतात. पेशंट आधी, हा नियम सर्वमान्य आहे आणि योग्यही आहे. काही डॉक्टर ओपीडी संपताना वेळ देतात, काहींनी आठवड्यातला एखादा वार ठरवून दिलेला असतो. त्यामुळे बाकावर तासभर बसून आत दोन-तीन मिनिटे बोलणे मिळाले, तरी तो कॉल चांगला झाला असे धरतात. दुपार केमिस्टकडची चौकशी आणि स्टॉकिस्टकडचा माल तपासण्यात जाते. रात्री घरी आल्यावर दिवसाचा रिपोर्ट, म्हणजे डीसीआर, भरायचा. वरिष्ठ जॉइंट वर्कला, म्हणजे सोबत फिरायला, आले की ठरलेला क्रम बदलतो. महिना संपत आला की क्लोजिंग. मग स्टॉकिस्टच्या ऑर्डरी सोडून दुसरे काही सुचत नाही.

या दिवसाचे तीन मालक आहेत. आराखडा कंपनीचा, भेटीची वेळ डॉक्टरांची, आणि उरलेले तेवढे एमआरचे. पुढे येणारी प्रत्येक भूमिका या तिघांपैकी एकाच मालकाकडे पाहते, असे मला वाटते.

मागचा धागा

फिरत्या विक्रेत्याच्या वेळेची चिंता जुनी आहे. 1832 मध्ये जर्मनीत फिरत्या विक्रेत्यांसाठी निघालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या फेऱ्यांचे नमुने दिलेले होते. प्रत्येक गावी एकदा जाऊन कमीत कमी अंतरात परत कसे यायचे, हे कोडे पुढे गणितात विक्रेत्याच्याच नावाने प्रसिद्ध झाले. 1954 मध्ये डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी 49 शहरांसाठी ते सोडवून दाखवले. गणिताला त्याचा मोठा लाभ झाला. एमआरची अडचण मात्र अंतराची कमी आणि घड्याळाची जास्त आहे : जवळच्या दवाखान्यात आधी जाता येत नाही, कारण तिथे एमआरना दीडनंतरच आत घेतात.

टार्गेटची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळली. डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे जॉन पॅटरसन यांनी विक्रेत्यांना राखीव प्रदेश, ठरलेला कोटा आणि पाठ करायचे संभाषण दिले. 1911 मध्ये फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक आले आणि कारखान्यातले काम घड्याळ लावून मोजण्याला प्रतिष्ठा मिळाली. या दोन प्रवाहांचा संगम म्हणजे आजचा कॉल अॅव्हरेज, दिवसाला सरासरी किती डॉक्टर पाहिले तो आकडा.

भारतात या आकड्याला वजन आले ते पेटंट कायद्यामुळे. 1970 चा कायदा 1972 मध्ये अंमलात आला. त्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून केवळ बनवण्याच्या प्रक्रियेवरचे ठेवले. देशी कंपन्या वाढल्या, एकाच रेणूचे कितीतरी ब्रँड बाजारात आले. औषध तेच असेल तर डॉक्टरांच्या पेनातून कोणते नाव उतरेल हे ठरवायला भेट, आणि पुन्हा भेट, हेच साधन उरले. औषधे स्वस्त होण्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. दवाखान्याबाहेरची बॅगवाल्यांची रांग वाढली तीही त्याच बदलातून.

पहिली भूमिका : शिस्त ज्याची त्याने लावावी

प्रशिक्षण विभागांची ही आवडती भूमिका. आदल्या रात्री कॉलची तयारी करा, मागच्या भेटीत काय बोललो ते वाचून जा, रिपोर्ट तुंबू देऊ नका. रिपोर्ट आठवडाभर साठवून एकदम भरणाऱ्या एमआरच्या नोंदी निरुपयोगी होतात, हे कोणताही एरिया मॅनेजर सांगेल.

संशोधन काय म्हणते? थेरेस मेकन यांनी 1994 मध्ये केलेल्या अभ्यासात वेळेचे नियोजन करणाऱ्यांना आपल्या वेळेवर ताबा असल्याचे जाणवत होते, ताण कमी होता, नोकरीविषयी समाधान अधिक होते; कामगिरी मात्र त्या प्रमाणात वाढलेली आढळली नाही. 2021 मध्ये एऑन, फेबर आणि पानाच्चियो यांनी 158 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. वेळेच्या नियोजनाचा कामगिरीशी मध्यम स्वरूपाचा संबंध त्यांना सापडला, पण जीवनातल्या समाधानाशी असलेला संबंध त्याहून पक्का होता.

हे निष्कर्ष शिस्तीच्या विरोधात नाहीत. रात्री अकराला डीसीआर भरणाऱ्या माणसाला थोडा ताबा जाणवला, मुलांबरोबर जेवता आले, तर त्याची किंमत आहेच. पण डायरी नीट ठेवली की टार्गेट गाठले जाईल, हे वचन पुराव्याच्या पुढे जाते. विक्रीच्याच क्षेत्रात हरीश सुजान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला फरक मला अधिक उपयोगी वाटतो : जास्त तास राबणे वेगळे, आणि समोरच्या माणसाप्रमाणे बोलण्याची पद्धत बदलणे वेगळे. दुसरे कौशल्य तयारीतून येते आणि तयारीला निवांत वेळ लागतो. बारा कॉलच्या दिवसात नेमका तोच मिळत नाही.

दुसरी भूमिका : कोणाला किती वेळ, हे आधी ठरवा

इथे पुरावा अधिक भक्कम आहे. 1971 मध्ये लेनर्ड लोडिश यांनी 'कॉलप्लॅन' नावाची पद्धत मांडली. तिची कल्पना साधी होती. विक्रेत्यालाच विचारायचे : या ग्राहकाकडे भेटी निम्म्या केल्या तर विक्री किती होईल? दीडपट केल्या तर? एकही केली नाही तर? त्याच्या उत्तरांवरून संगणक भेटींची वाटणी सुचवत असे. 1977 मध्ये फज आणि लोडिश यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या विक्रेत्यांच्या जोड्या लावून प्रयोग केला. जोडीतल्या एकाने ही पद्धत वापरली, दुसऱ्याने वेळ आपल्या अंदाजाने वाटला. पद्धत वापरणाऱ्यांची विक्री सुमारे 8 टक्क्यांनी जास्त भरली. तास तेवढेच होते, फरक वाटणीचा होता.

या विचारातून पुढे मोठा सल्ला-उद्योग उभा राहिला. औषध कंपन्यांच्या विक्रीदलांची आखणी करणारी झेडएस ही अमेरिकी संस्था प्रभाकांत सिन्हा आणि आंद्रिस झोल्टनर्स या दोन प्राध्यापकांनी स्थापन केली. तिचे मोठे कार्यालय आज पुण्यात आहे.

या भूमिकेचा गाभा असा की प्रत्येक पुढच्या भेटीचा परिणाम आधीच्या भेटीपेक्षा कमी होत जातो. महिन्यातली पहिली भेट ओळख ताजी ठेवते, दुसरी काही भर घालते, चौथीला डॉक्टर घड्याळाकडे पाहतात. तरीही अनेक कंपन्यांचा आग्रह त्याच मोजक्या डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा जाण्याचा असतो. प्रत्येक कंपनीच्या यादीत वरची नावे तीच असल्याने गर्दीही तिथेच होते. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस सुरू करून दोनच वर्षे झालेला डॉक्टर 'क' वर्गात पडून राहतो.

या भूमिकेचा कच्चा दुवा माहितीत आहे. कोणता डॉक्टर खरोखर किती लिहितो हे कळायला केमिस्टकडची पाहणी, म्हणजे आरसीपीए, हा एमआरचा मुख्य आधार. ती घाईत झाली की वर्गवारी चुकते आणि चुकलेल्या वर्गवारीवर वर्षभराचे वेळापत्रक उभे राहते. लोडिश यांच्या पद्धतीत अंदाज विक्रेत्याचा असे. आज अनेक ठिकाणी यादी वरून येते आणि जागेवरच्या माणसाचे मत शेवटी विचारले जाते. मूळ प्रयोगातली ही सर्वांत मोलाची बाजू मागे पडावी, याची मला हळहळ वाटते.

तिसरी भूमिका : महिन्याचे कॅलेंडरच वेळ वाकवते

अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे आणखी वेगळे आहे. त्यांच्या मते विक्रेता वेळ कसा वापरतो हे त्याच्या सवयींपेक्षा इन्सेंटिव्हच्या रचनेवर ठरते. पॉल ओयर यांनी 1998 मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या आकड्यांवरून दाखवले की आर्थिक वर्षाच्या शेवटी विक्री फुगते आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला उतरते. टार्गेट जवळ आले की ऑर्डरी पुढून ओढल्या जातात. ते पार झाले, किंवा आवाक्याबाहेर गेले, की पुढच्या काळासाठी राखून ठेवल्या जातात.

आपल्याकडचे क्लोजिंग पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेला माल ही प्रायमरी विक्री, स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेला माल ही सेकंडरी. टार्गेट प्रायमरीवर असेल तर महिन्याचा शेवटचा आठवडा स्टॉकिस्टला माल घ्यायला राजी करण्यात जातो. हे दिवस डॉक्टरांच्या भेटींतून वजा होतात. पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा तोच साठा केमिस्टकडे हलवण्यात जातो, आणि हलला नाही तर काही महिन्यांनी एक्स्पायरीचा माल परत घेण्यात आणखी दिवस जातात. एकाच विक्रीवर तीनदा वेळ खर्च होतो. अनेक कंपन्या सेकंडरीचे आकडे धरू लागल्या, तेव्हा हा ताण काहीसा उतरला. पूर्ण गेला नाही.

मात्र अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही. थॉमस स्टीनबर्ग यांना 2008 च्या अभ्यासात असे आढळले की ठोक बोनसमुळे लोक मुख्यतः अधिक मेहनत करतात, ऑर्डरी मागेपुढे करण्याचा भाग छोटा असतो. संजोग मिश्रा आणि हरिकेश नायर यांनी 2011 मध्ये कॉन्टॅक्ट लेन्स विकणाऱ्या एका कंपनीचा अभ्यास मांडला. तिथे कोटा आणि कमाईवरची कमाल मर्यादा काढून टाकल्यावर उत्पन्न 9 टक्क्यांनी वाढले. याउलट चुंग, स्टीनबर्ग आणि सुधीर यांच्या 2014 च्या अभ्यासात तिमाही बोनस मागे पडणाऱ्यांना रुळावर ठेवतो असे दिसले. मुदत लहान करून पाहण्याचा प्रयोग स्वीडनमधल्या एका दुकानसाखळीत झाला. रोजच्या कोट्यामुळे मागे पडणाऱ्यांची कामगिरी सुधारली, पण विक्रेत्यांचा कल झटपट खपणाऱ्या स्वस्त मालाकडे वळला.

एमआरच्या कामाला हा शेवटचा निष्कर्ष लागू करताना जपून पावले टाकावीत. नव्या औषधावर डॉक्टरांचा विश्वास बसायला महिनोन्महिने लागतात. रोजचा आकडा मागितला तर एमआर जुन्या, खपणाऱ्या ब्रँडचेच बोलणार, आणि त्याच्या जागी कोणीही असते तरी तेच करते.

चौथी भूमिका : अॅपने मोजा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत डायरीची जागा टॅबलेटने घेतली. डॉक्टरांच्या दवाखान्याचे ठिकाण नोंदवलेले असते आणि त्या परिसरात असतानाच कॉल भरता येतो. कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे : घरी बसून भरलेले खोटे कॉल थांबतात, प्रवासखर्चाचे वाद मिटतात, रात्रीची लिखापढी कमी होते. जो मनापासून फिरतो त्याला न फिरणाऱ्याबरोबर तोलले जात नाही, हे अनेक एमआरही मान्य करतात.

एमआरच्या संघटनांचा आक्षेप असा की यंत्र हजेरी मोजते, काम मोजत नाही. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले म्हणून न झालेला कॉल आणि आळसाने चुकवलेला कॉल अॅपमध्ये सारखेच दिसतात. सतत ठिकाण कळत राहिले तर कामाचा दिवस संपतो कुठे, हाही सवाल आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण नोकरीतल्या अशा पाळतीची सीमा कोठे आखायची यावरचा वाद मिटलेला नाही.

माझ्या मते या साधनांचा एक उपयोग कोणीच नीट करत नाही. दवाखान्यात पोचल्याची वेळ आणि आत गेल्याची वेळ ही दोन्ही यंत्राला टिपता येतात. त्यातून कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या वारी, किती वाट पाहावी लागते हे कळेल आणि टूर प्रोग्राम त्याप्रमाणे बदलता येईल. माहिती हाताशी असूनही ती शिस्तभंग शोधायलाच वापरली जाते.

पाचवी भूमिका : आधी कामाचे तास ठरवा

फेडरेशन ऑफ मेडिकल अँड सेल्स रिप्रेझेंटेटिव्हज असोसिएशन्स ऑफ इंडिया ही संघटना 1963 पासून काम करते. तिच्या मागणीतून 1976 चा विक्री संवर्धन कर्मचारी कायदा आला. नेमणूकपत्र, कामाच्या कालावधीच्या एक अकरांश इतकी भरपगारी रजा, आजारपणाची रजा आणि इतर कामगार कायद्यांचे संरक्षण त्याने दिले. 2011 मध्ये सौंदर्यप्रसाधने, बिस्किटे, रंग अशा आणखी काही उद्योगांना तो लागू झाला. दिवसाचे तास मात्र त्या कायद्याने ठरवले नाहीत. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सँडोझ प्रकरणात एमआर हे औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येतले कामगार नाहीत असा निर्णय दिला, त्यामुळे या खास कायद्याचे महत्त्व आणखी वाढले. कामाचे नियम आणि आठ तासांचा दिवस ही संघटनेची मागणी कायम राहिली. डिसेंबर 2023 च्या देशव्यापी संपातही ती होती.

उद्योगाची बाजू अशी : हे काम कारखान्याच्या भोंग्यावर चालत नाही, डॉक्टर रात्री नऊला भेटत असतील तर नऊलाच जावे लागेल, आणि दुपारची मोकळीक त्याची भरपाई करते. यात तथ्य आहे. पण मुक्कामाच्या गावी दुपारी तीन ते सहा बसस्टँडवर काढलेला वेळ मोकळीक म्हणून धरायचा का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1976 चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. रजेच्या जुन्या तरतुदी कायम आहेत. कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादाही संहितेत आहे. आता अडचण येते ती मोजणीची. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कामाच्या तासांत काय धरायचे ते स्पष्ट केले होते, अगदी थांब्यावरच्या पंधरा मिनिटांपेक्षा कमी हजेरीसह. बाकावर बसलेल्या एमआरसाठी अशी व्याख्या कोणी केलेली नाही.

काय सुटलेले नाही

भेटीची संधीच आकसते आहे. औषध विपणनाची संहिता 2015 पासून ऐच्छिक होती. मार्च 2024 मध्ये तिची नवी आवृत्ती आली. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास तिने मनाई केली, नमुन्यांवर मर्यादा घातली आणि भेटीची वेळ मिळवण्यासाठी कोणत्याही रूपात मोबदला देऊ नये असे बजावले. रुग्णांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. 2025 मध्ये केंद्र सरकारच्या रुग्णालयांत एमआरच्या प्रत्यक्ष भेटी थांबवून माहिती ईमेलसारख्या मार्गाने द्यावी असा आदेश निघाला. खासगी रुग्णालयांनीही हाच मार्ग धरला, तर दिवसाला बारा कॉलच्या हिशेबावर बेतलेली टार्गेट कशाच्या आधारे काढायची, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

संशोधनाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. वर आलेले बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले आहेत. तिथला विक्रेता बहुधा वेळ ठरवून जातो, आपला एमआर रांगेत बसतो. एमआरच्या दिवसातला किती भाग वाट पाहण्यात जातो हे मोजल्याशिवाय तिथले निष्कर्ष इथे किती टिकतील, सांगता येणार नाही.

या व्यवसायात येणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न तर चर्चेत अजून कडेलाच आहे. संध्याकाळची ओपीडी संपून एक्स-स्टेशनहून परतायला रात्रीचे अकरा वाजतात. हेडक्वार्टरच्या गावातच फिरण्याची सवलत दिली तर टार्गेट तेवढेच राहते आणि डॉक्टर कमी होतात. न दिली तर अनेकजणी दोन-तीन वर्षांत नोकरी सोडतात. काही कंपन्या प्रदेशाची आखणी बदलून पाहत आहेत. पण टार्गेट ठरवताना पोचता येण्याजोगे तास धरायचे की प्रदेशातली एकूण प्रॅक्टिस, यावर विक्री विभाग आणि मनुष्यबळ विभाग यांची मते जुळलेली नाहीत, आणि नव्या संहितेखालच्या नियमांतही त्याचे उत्तर मिळत नाही.